उजव्या हाताचा कौल

आमच्या घरात देवाने उजवा कौल दिला की सगळे टाळ्या पिटतात. मी मात्र टाळी वाजवत नाही. लोक म्हणतात, कुंती म्हातारी झाली, देवावरचा विश्वास उडाला तिचा. उडालेला नाही, बाबांनो! देव जिथे आहे तिथेच आहे. पण एक गोष्ट आमच्या ह्यांना ठाऊक होती आणि मला ठाऊक होती, तिसऱ्या माणसाला नव्हती. आम्ही दोघं मूग गिळून बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

ह्यांचं नाव एकदाच घेते, चंद्रमोहन. यापुढे 'हे' म्हटलं की समजून घ्या. ह्या बेटावरच्या रोझ हिल गावातल्या सरकारी शाळेत हे मराठीचे मास्तर होते. उंच, सडपातळ, आणि अक्षराच्या बाबतीत महाखट. फळ्यावर बारा ओळी लिहिल्या तर बाराही दोरी लावल्यासारख्या. देवळाची पाटी रंगवायची असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका लिहायची असो, माणसं आमच्याच दारात यायची. मी दुकानाची यादी केली तरी हे लाल पेन्सिल घेऊन माझे अनुस्वार दुरुस्त करायचे. "अहो, चिन्याच्या बुतिकात मी क्रेओलमध्येच बोलणार ना? त्याला तुमचा अनुस्वार कळणार आहे का?" असं मी ओरडायची. हे म्हणायचे, "त्याला नसेल कळत. कांद्याला कळतो." असला माणूस! ह्याच्याशी भांडून कोण जिंकणार?

शाळेतली पोरं घरी क्रेओल, म्हणजे इथली फ्रेंच वळणाची बोली, बोलणारी. मराठी ऐकली तर कळायची, बोलताना जीभ अडखळायची. हे रागवायचे नाहीत. म्हणायचे, बोलता येत नाही तर आधी गिरवा, हाताला आलं की तोंडाला येतं. ह्यांचा सगळा भरवसा हातावर होता, हे लक्षात ठेवा.

एकोणऐंशी साली मागच्या बाकावरची पोरं तक्रार करायला लागली, "मिस्ये," म्हणजे गुरुजी, "दिसत नाही." ह्यांना वाटलं पोरांचे डोळे बिघडले. दोघांच्या घरी जाऊन आईबापांना सांगून आले, चष्मा लावा म्हणून. आणि खरं काय होतं? ओळीची सुरुवात पूर्वीसारखी टपोरी व्हायची, मग अक्षर बारीक होत होत शेवटी मुंग्या चालल्यासारखी दिसायची. मी एकदा शाळेत डबा द्यायला गेले तेव्हा तो फळा पाहिला. घरी येईपर्यंत मी काही बोलले नाही, आणि मी गप्प बसले म्हणूनच हे घाबरले.

मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं एकमेकांवर फिरायला लागली. हात मांडीवर असला की आपोआप, माळ ओढल्यासारखी. सासूबाई पेती राफ्रे गावी राहायच्या, सणावाराला आम्ही तिकडे जायचो. त्यांनी ते पाहिलं आणि डोळे भरून आले त्यांचे. "माझं पोर मनातल्या मनात जप करतंय," असं त्या गावभर सांगत सुटल्या. बायका ह्यांच्या पाया पडायला लागल्या! मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर गेलं ते हसू. माझं तोंड म्हणजे तोफखाना, मी लालमती गावची, आमच्याकडे हळू बोललं की माणूस आजारी आहे असं समजतात. एके दिवशी मी तासभर बडबडले आणि ह्यांचा चेहरा जसाच्या तसा, दगडी. मी भडकले. "इतकं बोलतेय मी, तुमच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही!" हे शांतपणे म्हणाले, "अगं, मी हसतोच आहे." हे आतून हसत होते, पण हसू बाहेर येतच नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरून रडले.

डॉक्टर कृष्णदेव नुकतेच परदेशातून शिकून आले होते, मेंदूचे डॉक्टर. त्यांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. मेंदूत खोलवर एका ठिकाणी काही पेशी असतात, त्या एक रस बनवतात, त्याच्या जोरावर माणूस हलतो, लिहितो, हसतो. ह्यांच्या त्या पेशी मरत चालल्या होत्या. गोळ्या दिल्या, आणि देवाशपथ सांगते, जादूच झाली! चार वर्षं हे पुन्हा पूर्वीसारखे मास्तर. मग गोळ्यांचा जोर ओसरायला लागला. गोळी लागू झाली की अंग वेडंवाकडं नाचायचं, उतरली की खांबासारखे खिळून जायचे, मधला चांगला वेळ दिवसेंदिवस आखडत गेला. शाळेने सांभाळून घेतलं, वर्गाऐवजी पुस्तकांचं कपाट सांभाळायला दिलं. पण खडू हातातून गेला तो गेलाच.

सत्याऐंशी सालच्या जूनमध्ये धाकट्या दिरांचा, सुरेंद्रभावजींचा इंग्लंडहून फोन आला. आमच्याकडचे किती तरी तरुण तेव्हा तिकडे नर्स होऊन गेले होते, भावजीही त्यातलेच. फोन शेजारच्या विद्यावतीकडे होता, मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. भावजी म्हणाले, वहिनी, ह्या रोगावर ऑपरेशन निघालंय, आधी स्वीडनमध्ये केलं होतं, आता मेक्सिकोत केलंय, माणसं उठून चालायला लागली असं छापून आलंय. इथे इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलातही करून बघणार आहेत, त्यांना माणसं हवीत. दादाचे कागद मी दाखवले. घेतील म्हणतात.

आम्ही डॉक्टर कृष्णदेवांकडे गेलो. सासूबाईही होत्या, त्यांना सोडून काही ठरवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. डॉक्टरांनी समजावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक लहानशी ग्रंथी असते, तीही त्याच जातीचा रस बनवते. ती ह्यांच्याच पोटातून काढायची, तिचे तुकडे करायचे, कवटीला भोक पाडायचं आणि ते तुकडे मेंदूत नेऊन ठेवायचे. तिथे त्या पेशी जगल्या तर रस बनवतील.

"म्हणजे लावणी," सासूबाई म्हणाल्या. सगळा जन्म उसात गेला होता त्यांचा. "कांडी तोडायची नि दुसऱ्या सरीत पुरायची."

"अगदी तसंच, आजी," डॉक्टर म्हणाले.

"आणि कांडी कुजली मंजे?"

डॉक्टर खरं बोलणारा माणूस होता, त्याचे उपकार मानते. म्हणाला, "कुजू शकते. हा उपचार नाही, प्रयोग आहे. काहींना गुण आला, काहींना नाही, काही दगावलेसुद्धा. गुण आला तर किती दिवस टिकेल, हे आज जगात कुणालाच माहीत नाही."

सासूबाई उठल्याच. "माझ्या पोराचं डोस्कं कुणी फोडायचं न्हाय."

माझ्या मनातलं बोलल्या. मी वर वर "बघू, विचार करू" म्हणत होते, पण आतून मला पाय धरून म्हणायचं होतं, जाऊ नका. थरथरणारा का होईना, नवरा घरात होता. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.  परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले होते, आणि उजवा हात मांडीवर एकसारखा जप करत होता.

आता कौलाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ह्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून जहाजात बसून आले ते कौल न घेता आले. देवाला न विचारता निघाला म्हणून परत जाणं झालं नाही, असं घरात मानतात. म्हणून ह्या घराण्यात समुद्र ओलांडायचा तर कौल घेतल्याशिवाय नाही. सुरेंद्रभावजी इंग्लंडला गेले तेही कौल घेऊनच. देव म्हणजे उसाच्या शेतात सापडलेला काळा दगड, पेती राफ्रेच्या घरामागे चौथऱ्यावर बसवलेला. गणपतीला सगळी भावकी जमली की दुसऱ्या दिवशी तिथे कौल लावायचा. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दगडाला चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

कोकणात म्हणे हे काम गुरव करतो. पण जहाजातून गुरव कुठला आला असणार? म्हणून आमच्या घराची रीत वेगळी पडली. ज्याचा प्रश्न त्यानेच पाकळ्या लावायच्या. त्याही एकदम, उजवी उजव्या हाताने आणि डावी डाव्या हाताने, म्हणजे एक आधी सुकली अशी तक्रार नको. उजवं म्हणजे लावणाऱ्याचं उजवं. देवाचं उजवं कुठलं यावर वाद घालायला इथे कुणाला वेळ होता? ऊस तोडायचा असायचा.

सासूबाई म्हणाल्या, "देव सांगंल ते करू." त्यांना खात्री होती, देव नाहीच म्हणणार. मलाही वाटलं, सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे.

त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या अखेरीला होता. झाकरी नाचणारे अंगणात घाम पुसत बसले होते, ढोलकी थांबली होती. आमची लेक इंद्राणी तेव्हा अठराची, तिने पाकळ्यांचं तबक धरलं होतं. हे चौथऱ्यापुढे बसले. सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, पोर दर्यापार जाऊ काय, सांग." सगळ्यांचे डोळे दगडावर. माझे डोळे ह्यांच्या हातांवर. आठ वर्षं मी दुसरीकडे बघितलंच नव्हतं, त्याला काय करणार?

आणि मी बघितलं. डाव्या हाताने पाकळी लावली ती अंगठ्याने दाबून, नीट, पोस्टाचं तिकीट लावतात तशी. उजवा हात दगडाशी पोचला तोच थरथरत. त्याला दाबता आलंच नाही. पाकळी नुसती टेकली, कडेला दुमडली, मधे हवा राहिली. ह्यांनी हात मागे घेतला. मला कळलं होतं कुठली पडणार.

पडली. उजवी. सासूबाई क्षणभर बघतच राहिल्या, मग दोन्ही हात जोडून ओरडल्या, "उजवा दिला! देवानं उजवा दिला!" ढोलकीवर थाप पडली. बायका ह्यांना ओवाळायला लागल्या. ज्या म्हातारीने डॉक्टरच्या तोंडावर नाही म्हटलं होतं ती आता रडत म्हणत होती, "जा रं पोरा, देव पाठीशी हाय."

मी ह्यांना घरामागच्या नळाशी गाठलं. हात धुवायला आले होते.

"कौल देवाने दिला नाही," मी म्हटलं. "तुमच्या हाताने दिला."

हे नळाकडेच बघत होते. "हो."

"हो? तुम्हाला माहीत होतं?"

"उजव्या हाताने मला बटण लावता येत नाही, कुंती. पाकळी कशी लावता येईल? बसायच्या आधीच माहीत होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "देवाला फसवलंत! आईला फसवलंत! आणि मला काय धरलंत, आंधळी?"

"हातही त्यानेच दिलाय ना?" हे म्हणाले. "हा रोगही? मग कौल कुणाचा झाला?"

"शब्दांचे खेळ नकोत. मेलात तिकडे तर?"

 बोलायलाही त्यांना तेव्हा जोर लावावा लागायचा. ह्यांनी वाकून ओल्या मातीवर डाव्या हाताने आधार घेतला, आणि उजव्या हाताच्या बोटाने इंद्राणीचं नाव लिहायला लागले. 'इं' हाताएवढा झाला. 'द्रा' अर्धा. 'णी' मला दिसलाच नाही, बोट एकाच जागी घुटमळत राहिलं.

"मुलीचं नाव शेवटापर्यंत लिहिता येत नाही मला," हे म्हणाले. "मला जायचंय. नाही रुजलं तर नाही रुजलं. कुणीतरी फळ्यावर जाऊन चुकल्याशिवाय वर्गाला बरोबर काय ते कळत नाही. पण तू आईला सांगितलंस तर ती मला सोडणार नाही. आणि मी आईच्या मनाविरुद्ध जाणार नाही. तेव्हा तू ठरव. जा, सांग."

असं माझ्यावर टाकून हे निघून गेले, छोटी छोटी पावलं टाकत. मी तिथेच.  एका शब्दाचं काम होतं. सासूबाई स्वयंपाकघरात मोदकांचं ताट भरत होत्या. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय गं?" मला ह्यांना घरात ठेवायचं होतं, जीव तुटत होता माझा. पण मातीतला तो अर्धा 'द्रा' डोळ्यापुढून हलेना. मी म्हटलं, "काही नाही. नारळ खवून देऊ का?"

नोव्हेंबरात हे इंग्लंडला गेले. भावजींनी तिकडची सगळी व्यवस्था केली होती. मला न्यायची सोय नव्हती, इंद्राणीची परीक्षा होती. सासूबाई माझ्या सोबतीला रोझ हिलला येऊन राहिल्या. आणि सोबत कसली? छळ! सकाळ-संध्याकाळ आल्यागेल्याला सांगायच्या, देवानं उजवा दिलाय, माझ्या पोराला काय व्हायचं न्हाय.  देव काहीच बोलला नव्हता. त्या घरात देवाच्या भरवशावर नसलेली मी एकटीच होते, आणि मला देवाची सगळ्यांत जास्त गरज होती. कपडे वाळत घालताना, तांदूळ निवडताना, सारखा एकच विचार. काही बरंवाईट झालं तर ह्या म्हातारीला मी काय सांगू?

ऑपरेशनच्या दिवशी विद्यावतीच्या पडवीत जाऊन बसले. फोन वाजला की उठायची, तिच्या जावेचा निघाला की बसायची. दुपारी भावजी बोलले. "झालं वहिनी. पोटाचंही झालं, डोक्याचंही झालं. शुद्धीवर यायला वेळ लागेल." मी घरी येऊन सासूबाईंच्या गळ्यात पडले.

पण शुद्धीवर आले ते हे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी भावजींचा आवाज उतरलेला. ताप होता, छातीत कफ भरला होता, आणि दादा कुणाला ओळखत नव्हते. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणत होते, मुंग्यांना पुसा, पोरांना दिसत नाही. मला ते ऐकवेना. मी फोन विद्यावतीच्या हातात दिला आणि पायरीवर बसले. फळ्यावरची अक्षरं होती ती, दुसरं काय! डोकं उघडून त्यांनी ह्यांची भीतीच बाहेर काढून ठेवली होती.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतो सुरेंद्र? मी म्हटलं, थोडा ताप आहे. त्या म्हणाल्या, "असंल. देवानं उजवा दिलाय." त्या क्षणी मी बोलणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्या आधारावर त्यांना झोप लागत होती, घास जात होता. तो काढून घेऊन मला काय मिळणार होतं? मी म्हटलं, "हो ना, काळजीचं कारण नाही." आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. की पू फेर, आमच्याकडे म्हणतात, करणार काय माणूस?

तो सगळा डिसेंबर असाच गेला. ताप उतरायचा, चढायचा. बाहेर फ्लॅम्बॉयंटची, म्हणजे गुलमोहराची झाडं लाल झाली होती, लोक नाताळची खरेदी करत होते, आणि मी फोनकडे बघत होते. नव्या वर्षात एकदा फोन उचलला तर पलीकडून पुटपुटता, खरखरीत आवाज आला, "यादीत कांद्यावर अनुस्वार दिलास का?" मी इतक्या जोरात किंचाळले की विद्यावतीच्या हातातलं भांडं पडलं.

हे फेब्रुवारीत परत आले. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत, हडकलेले, डोक्यावर टोपी. माझ्या मनात आलं, ह्याच्यासाठी गेले होते? सासूबाई मात्र टोपी काढून व्रण बघून म्हणाल्या, "सरी चांगली पाडलीया." पुढचे दोन महिने काही दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. खिळून राहणं कमी झालं, गोळ्या कमी केल्या. मे महिन्यात एका सकाळी मी कसल्याशा गोष्टीवरून तोंड सोडलं होतं आणि बघते तर ह्यांच्या ओठांचा एक कोपरा वर गेलेला! मी भांडण विसरले. हात धरून आरशापुढे नेलं. म्हटलं, बघा, बघा हा कोण हसतोय ते!

डॉक्टर कृष्णदेवांनी तपासलं, खूश झाले, पण म्हणाले, "कशामुळे ते मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि किती दिवस तेही नाही." आम्ही 'हो हो' म्हटलं. सुखात असलेला माणूस असलं काही ऐकतो होय?

अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत ह्यांनी कौल लावला, पुन्हा वर्गावर जाऊ का, म्हणून. मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. डावा हात, अंगठा, दाब. उजवा हात, अंगठा, दाब. दोन्ही पाकळ्या दगडाला घट्ट. पडेचनात! झाकरीवाले ताटकळले, बायका कुजबुजायला लागल्या. सासूबाई कासावीस झाल्या, "देव का बोलंना? कुणाचं काय चुकलं?" त्या एकेकाकडे संशयाने बघत होत्या. मी पदराआड तोंड लपवलं, लोकांना वाटलं मी घाबरले. मी हसत होते! हे माझ्याकडे बघून चक्क सगळ्यांदेखत हसले. शेवटी कंटाळून सासूबाईंनी देवाला दटावलं आणि स्वतःच निकाल दिला, "जा शाळेत, त्याला आज बोलायचं न्हाय." आयुष्यात देव मला एवढा प्रिय कधीच वाटला नव्हता.

वर्षभर हे पोरांपुढे उभे राहिले. शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असं लिहिलं.

पुढच्या गणपतीला इंद्राणीच्या लग्नाचा प्रश्न होता. मुलगा, हरिलाल, चांगला होता, सगळ्यांना पसंत होता, पण त्याला नोकरी ऑस्ट्रेलियात लागली होती. समुद्र ओलांडायचा म्हणजे कौल आलाच. मुलगी द्यायची तर प्रश्न बापाचा, हात बापाचे. हे चौथऱ्यापुढे बसले. गेले काही दिवस हे माझ्यासमोर उजवा हात खिशात ठेवत होते. मी विचारलं नव्हतं. विचारायचं नव्हतं मला.

सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं. इंद्राणी भिंतीला टेकून उभी होती, ओठ दाताखाली धरून. ह्यांनी दोन्ही हात पुढे नेले. डावा हात, अंगठा, दाब.

उजवी पाकळी कडेला दुमडली.

मी मनातल्या मनात ओरडले, चिकट! अगं, चिकट! देवा, माझ्या पोरीचं लग्न मोडलं तरी चालेल, पण तेवढी एक पाकळी धरून ठेव! पोटच्या पोरीविरुद्ध असं मागितलं मी, आईने मागू नये असं.

पाकळी अलगद सुटली आणि खाली पडली.

"उजवा!" सासूबाई नाचल्याच. "लगेच दिला, बघा! पोर सुखात राहील!" ढोलकी कडाडली, इंद्राणी लाजून पळाली, हरिलालच्या आईने मला मिठी मारली. सासूबाईंनी मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली. "रडतीस कशाला येडे? तोंड गोड कर!"

ह्यांनी गर्दीतून माझ्याकडे बघितलं. हसायचा प्रयत्न केला असावा, चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

मी साखर गिळली, सगळ्यांना बाजूला सारत ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचा उजवा हात माझ्या पदराखाली घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. ढोलकी थांबेपर्यंत मी तो सोडला नाही.